मावशीची काटेरी पिलं

माझ्या मावशीला आता नावाने कुणी हाक मारत नाही. मिरचीवरचा मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, फस्त करणारे ठिपक्यांचे भुंगेरे ती घरी वाढवते, म्हणून सगळ्यांनी तिची ‘मावामावशी’ करून टाकली. मागच्या खोलीत घेवड्याच्या कुंड्या आहेत. त्यांवर ती मुद्दाम मावा पोसते आणि त्या माव्यावर भुंगेरे. कुणी घरी आलं की आधी कुंड्या दाखवते, चहाचं नंतर.

भुंगेरे देखणे, त्यांना कुणी मारत नाही. त्यांची पिलं मात्र काळी, काटेरी, इवल्याशा मगरींसारखी. नवखा माणूस बघताक्षणी चिरडतो, आणि मावा खाण्यात खरी पटाईत तीच! मामाला, म्हणजे तिच्या धाकट्या भावाला, मावशीने ती बोटावर घेऊन ओळखायला शिकवलं होतं. दोघं एकाच घरात राहतात आणि ढोबळी मिरचीचं पॉलिहाऊसही दोघांचं.

यंदा मावशीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पॉलिहाऊसमध्ये पाऊल टाकायचं नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद. तिथल्या मिरचीवर पिलं तर नुकतीच अंड्यांतून निघालेली.

“औषध तेवढं मारू नकोस रे,” ती म्हणाली.

“तुझी शपथ, ताई.”

रोज संध्याकाळी मामा तिच्या पलंगाशी बसून बातम्या द्यायचा. “खाऊन खाऊन टुम्म झालीत बघ! आज एक तर माझ्या मनगटावर चढलं.” मावशी लहान मुलीसारखी खूश व्हायची.

बरी झाल्यावर ती आधी तिकडेच गेली. पानं लख्ख. मावा नाही, पिलंही नाहीत. तिने एक पान उलटलं. पिलं वाळून चिकटली होती, अंड्यातून निघाली तेव्हा होती तेवढीच इवलीशी. म्हणजे ती कधीच मेली होती.

व्यापारी माल बघायला येणार होता, माव्याने पानं चिकट झाली होती, म्हणून मामाने औषध मारलं होतं. वर रोज गोष्टी रचून मावशीला चक्क मामा बनवलं!

“फवारलंस ते फवारलंस,” मावशी म्हणाली. “पण मनगटावर कोण चढलं होतं रे?”

मी मामाला नाही नाही ते बोलले. मावशी मात्र एकेक पान उलटून बघत पुढे गेली.

पुढे मावा परत आला, दुपटीने. मावशीने कुंड्यांवरचे भुंगेरे नेऊन सोडले, स्वतःच्या हाताने. बहीणभावाचं बोलणं चालू आहे, जेवणंही एकत्र होतात. फक्त जेवणानंतर मामा “गॅस बंद केलाय, ताई,” म्हणाला की मावशी “बरं” म्हणते आणि उठून बघून येते.