टगवरचा झेंडूचा हार

आधी चाचांबद्दल सांगतो, माझं नंतर. पुण्यात विमानतळावर सामानाच्या ट्रॉल्या ओढणारे छोटे ट्रॅक्टर असतात, त्यांना आम्ही टग म्हणायचो. ते दुरुस्त करणारे मेकॅनिक म्हणजे चाचा. घर कॅम्पात, तीन पिढ्यांपासूनचं मुसलमान कुटुंब. मराठी माझ्यापेक्षा कितीतरी शुद्ध, आणि तिखटही. आज मी आखातातल्या एका विमानतळावर रॅम्प सेफ्टीत आहे, ते त्यांच्यामुळे. माझ्यासारखा नववीत शाळा सोडलेला माणूस असं म्हणाला की लोकांना तो विनय वाटतो. विनय नाही, झालं तसं सांगतोय.

रॅम्प म्हणजे विमानं उभी राहतात ती मोकळी, सपाट जागा. तिथे कोण गाडी जोरात हाकतंय, उभ्या विमानाच्या चाकांना ठोकळे लावले की नाही, जमिनीवर काय पडलंय, हे बघणं माझं काम. एखादा स्क्रू, बाटलीचं झाकण, बॅगेचं तुटलेलं चाक, काहीही असो. विमानाचं इंजिन समोरचं सगळं आत ओढतं. मी मुळात घाबरट माणूस. खोलीचं कुलूप तीनदा ओढून बघतो, जिना उतरून पुन्हा वर जातो. इथले साहेब म्हणतात, या कामाला असाच माणूस लागतो. म्हणजे ज्या सवयीला घरचे हसायचे, तिचाच मला पगार मिळतो.

भंडाऱ्याकडून पुण्याला आलो तेव्हा वाघोलीत एका खोलीत आम्ही सहा जण राहायचो. दोन वर्षं लोडर म्हणून बॅगा उचलल्या आणि मग टग चालवायचा परवाना मिळाला. चाचा मला नावाने हाक मारत नसत. मी एकदा "काहून?" असं विचारलं आणि तेव्हापासून मी 'विदर्भ' झालो. "या विदर्भ. गाडीत तेल आहे का बघितलंत, की सूर्यप्रकाशावर चालवताय?"

परवाना मिळून आठवडा झाला आणि खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्या शेडमध्ये सगळ्या टगांची पूजा होई. आदल्या दिवशी चाचा स्वतः पाइप घेऊन एकेक गाडी धूत. पूजेत मागे उभे राहत, प्रसाद मात्र पहिला मागत. नियम त्यांनीच घालून दिलेला. नारळ शेडमागे फोडायचा, करवंटीचा तुकडा न तुकडा उचलायचा, आणि गाडी रॅम्पवर न्यायच्या आधी हार काढून खुंटीला लावायचा.

माझ्या टगला मी जाडजूड हार आणला होता. दोरा कच्चा वाटला, म्हणून आतून बारीक तार ओवली.

"काय विदर्भ, सासुरवाडीला निघालात का?" चाचा म्हणाले. "हार काढा आणि मग निघा."

"हो जी," म्हणालो. आणि काढला नाही.

आमच्याकडे सणाचा हार आपण काढत नाही, तो सुकून आपोआप गळतो. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हाताखाली एक गाडी आली होती. पूजेनंतर पाच मिनिटांत तिचा हार उतरवायचा? मनाला पटेना. म्हणून समोरच्या जाळीला तो आणखी घट्ट बांधला आणि निघालो.

चार नंबरच्या जागेवर रिकाम्या ट्रॉल्या सोडून परत आलो, तर जाळीला दोन पाकळ्या तेवढ्या चिकटलेल्या. हार गायब. आणि चार नंबरवर विमान यायचं होतं, ते धावपट्टीवर उतरलेलंही होतं.

बोललो तर नोकरी जाणार, हे उघड होतं. गप्प बसलो तर कदाचित काहीच होणार नव्हतं. वाऱ्याने हार गवतातही गेला असेल. मी धावत शेडमध्ये गेलो आणि चाचांना सांगितलं. वाटलं, ते काहीतरी करतील.

त्यांनी नुसता वॉकीटॉकी पुढे केला.

"तुम्ही बोला ना, चाचा."

"मी का? हार माझा होता?"

मी बटण दाबलं. "चार नंबरवर विमान आणू नका. माझा हार पडलाय. त्यात तार आहे."

पलीकडून कोणीतरी म्हणालं, "कोणाचा हार?"

विमान वाटेतच थांबवलं. आम्ही सगळे हाताच्या अंतरावर ओळीने उभे राहिलो आणि जमिनीकडे बघत चालू लागलो. आत विमानभर माणसं बसलेली, आणि बाहेर आम्ही झेंडू शोधतोय. एका लोडरला तो सापडला. विमानाचं पुढचं चाक थांबतं त्या रेघेच्या बाजूलाच, तार बाहेर आलेली.

सुपरवायझर एवढंच म्हणाले, "संध्याकाळपर्यंत लेखी दे. मग घरी जायचं की राहायचं ते मॅडम ठरवतील." मॅडम म्हणजे आमच्या सेफ्टी ऑफिसर.

लेखी! शाळा सोडल्यापासून सहीशिवाय मी काही लिहिलं नव्हतं. डोळ्यांपुढे गावचा स्टँड आला. 'आला का पुण्याहून परत?' असं विचारणारी सगळी तोंडं दिसायला लागली.

चाचांनी हात पुसले आणि स्टूल ओढून शेजारी बसले. "मराठीत लिहा. मॅडम इथल्याच आहेत."

अर्ध्या तासात मी चार ओळी लिहिल्या. त्यांनी वाचल्या. "'वाऱ्यामुळे हार पडला.' अस्सं. वाऱ्याला बोलावून घ्यायचं का मग चौकशीला?"

"मग काय लिहू?"

"जे केलंत ते लिहा. वाटलं काय, ते नंतर."

पाच कागद फाडले. त्यांनी एक शब्दही सांगितला नाही, माझ्या हातातलं पेनही घेतलं नाही. त्यांची ड्यूटी केव्हाच संपली होती, तरी बसून राहिले. सहाव्या कागदावर शेवटी उतरलं: 'हार काढायचा असतो हे मला माहीत होतं. मला सांगितलंही होतं. मी काढला नाही. आत तार मीच घातली होती.'

मॅडमनी कागद दोनदा वाचला. "हे कोणी लिहून दिलं?"

"मीच लिहिलं. चाचा शेजारी बसले होते."

परवाना महिनाभर काढून घेतला, नोकरी राहिली. तो महिना मी चाचांच्या शेडमध्ये टग धुतले. रोज सकाळी रॅम्पवरचा कचरा वेचायला जी ओळ चालते, तिच्यात मॅडमनी मला उभं केलं. पुढे त्यांच्याच विभागात घेतलं. आखातातल्या या नोकरीसाठी मुलाखत झाली तेव्हा, कधी चूक केलीत का, असं विचारलं. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत झेंडूच्या हाराची गोष्ट सांगितली. तार कुठून आली इथून सुरुवात केली, वाऱ्याचं नाव घेतलं नाही.

आता माझ्याकडे दुसऱ्यांचे कागद येतात. बहुतेकांत काहीतरी आपोआप पडलेलं असतं, आपोआप सुटलेलं असतं. मी ओरडत नाही. खुर्ची ओढतो आणि शेजारी बसतो. इथे जेवणात मीठ कमी आणि सुट्टी त्याहून कमी, पण संध्याकाळी सगळी विमानं नीट गेली की बरं वाटतं. तेवढ्यात कुलूप आठवतं, ते सोडा.

चाचा आता निवृत्त आहेत. परवा फोनवर म्हणाले, कुठल्या टगचा आवाज बदलला की आत काय बिघडलंय, हे सगळं नव्या पोरांसाठी वहीत उतरवायचंय. पण हात थरथरतो, अक्षर त्यांचं त्यांनाच लागत नाही.

"मग कोणाला तरी सांगा ना लिहायला."

"सांगतो. विदर्भात कोणी लिहिणारं मिळतंय का बघा."

चाचा, सुट्टी मिळाली की आधी तुमच्याकडे येतो, घरी नंतर. स्टूल मी आणीन. तुम्ही बोला, मी लिहीन, आणि वही भरेपर्यंत उठणार नाही.