रोझरीनंतरची बातमी

फादरांच्या जाळीपुढे गुडघे टेकून मी आयुष्यभर पापं सांगत आले. देवळात मिस्साला उशीर केला, आईला उलट बोलले, उपवासाच्या शुक्रवारी रस्सा चाटला, सगळं सांगितलं. चिल्लर पापं सांगताना माझी जीभ कधी अडली नाही. हे मात्र मी तिथंही सांगितलं नाही. फादरांना नाही, आईला नाही, मरणाऱ्या माणसालासुद्धा नाही. तुम्हाला का सांगते आहे? खरं सांगू, मलाही ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी मार्था. आमचं घराणं मूळचं संगमनेरकडचं. आजोबांच्या वेळी नाशकात आलो आणि मग वाढतच गेलो. माझे वडील धरून पाच भाऊ, त्यांची मुलं, सुना, नातवंडं. कोणी नाशिकरोडला, कोणी देवळालीला, कोणी गावात. दर रविवारी संध्याकाळी सगळे थोरल्या काकांकडे जमायचे. चटया अंथरायच्या, मारियामातेच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावायची, गुडघ्यांवर बसून रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायची. आणि रोझरी संपली की बातम्या.

तुमच्याकडे असं काही असतं का? आमच्याकडे घरातली कुठलीही गोष्ट रोझरीनंतर सांगितल्याशिवाय झाली असं धरत नसत. कुणाचं लग्न ठरलं, कुणाला दिवस गेले, कुणाच्या पोराचा पहिला ख्रिस्तप्रसाद, कोण आजारी, कोण गेलं, सगळं तिथं उभं राहून सांगायचं. प्रत्येक बातमीला सगळ्यांनी मिळून एक नमो मारिया म्हणायची. मेलेल्यासाठी चिरशांतीची प्रार्थना. एकदा प्रार्थना झाली की ती बातमी घराण्याची.

आणि ती सांगायची कोणी? मी! लग्न न झालेली, खणखणीत आवाजाची, सगळ्या घरांतून हिंडणारी मार्था. काका म्हणायचे, "सांग गं मार्था," की मी पदर नीट करून उभी राहायची. बाकीच्या दिवशी मला कोण विचारत होतं? सव्विशी उलटलेली पोर, आईच्या जिवाला घोर. पण रविवारी माझ्या तोंडाकडे बघत सगळं घराणं गप्प बसायचं. इतक्या वर्षांत माझी एक बातमी खोटी निघाली नव्हती. याचा मला किती ताठा होता म्हणून सांगू!

बातम्या संपल्या की थोरली काकू न चुकता म्हणायची, "आन् तुझी बातमी कवा गं, मार्थे?" की सगळे हसायचे. मीही हसायची. काय करणार? पण एका रविवारी त्या हसण्यात अग्नेसवहिनी बोलली. ही माझ्या सायमनदादाची बायको. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, पण स्वभावानं अशी मोकळी की जाईल तिथं माणसं तिला चिकटायची. ती म्हणाली, "वन्सं स्वतःची बातमी स्वतः कशा सांगतील? लाजेनं बोबडी वळेल. सांगायला दुसरं माणूस बघावं लागेल हो!" काका तर हसून हसून खोकायलाच लागले. नंतर वहिनीनं माझ्या हातावर शेवेचा लाडू ठेवला. तिच्या लेखी ती थट्टा होती. थट्टाच होती. मी लाडू खाल्ला आणि मनात डूख धरला.

एवढ्याशा बोलण्यावरून? हो, एवढ्याशा बोलण्यावरून. मला मोठं कारण सांगता आलं असतं तर मी सांगितलं नसतं का?

त्या पावसाळ्यानंतर वहिनीनं मला एकदा मोरीशी गाठलं. मला दिवस गेलेत, म्हणाली. दादा तेव्हा इगतपुरीला इंजिनांच्या शेडमध्ये कामाला होता, एखाद्या रविवारी सुट्टी मिळाली तर यायचा. "त्यांना मी माझ्या तोंडानं सांगणार आहे. तोवर तुम्ही रविवारी काढू नका हं, वन्सं. तुमच्याच हाती आहे." माझ्याच हाती! मी तिला शब्द दिला. आणि मनातल्या मनात वाक्य जुळवायला लागले, ही बातमी कशी सांगायची, आधी काय, मग काय, कुठं थांबायचं. इतक्या वर्षांनी अग्नेसवहिनीची कूस उजवते आहे, याच्याएवढी मोठी बातमी त्या घरात कित्येक दिवसांत झाली नव्हती.

मग तो रविवार. सकाळी मिस्सा आटोपून सगळे देवळाबाहेर पडलो आणि वहिनीनं माझा दंड धरून मला मागं ठेवलं. तोंड पांढरंफटक. कुजबुजली, "वन्सं, ते राहिलं नाही हो. रात्रीच गेलं." दादा त्याच संध्याकाळी येणार होता. त्याला कळलंच नाही ते बरं झालं, म्हणाली, त्याला आता कशाला दुःख. तुम्हीही विसरून जा. आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून तिथंच रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

हात फिरवत होते तेव्हा माझ्या मनात काय होतं, ऐकायचंय? कळवळा नव्हता. राग होता. माझी बातमी गेली म्हणून राग! आणि त्या रागाखाली दुसरं काहीतरी हळूच डोकं वर काढत होतं. ही आता माझ्या मुठीत आहे. बोबडी वळेल म्हणाली होतीस ना? बघू कुणाची वळते.

संध्याकाळी रोझरी झाली. मी उभी राहिले. देवळालीच्या चुलतभावाच्या मुलाचा बाप्तिस्मा सांगितला, धाकट्या आत्याचा ताप उतरल्याचं सांगितलं. प्रार्थना झाल्या. काकांनी विचारलं, "झालं?"

झालं, म्हणायचं होतं. एक शब्द. दिवसभर मी स्वतःला सांगत होते की मी झालं म्हणणार आहे. दादा दाराशी उभा होता, नुकताच आलेला. वहिनी भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्याकडे बघितलं, आणि मला अजून आठवतं, तिनं माझ्याकडे बघून किंचित मान हलवली. आभार मानल्यासारखी.

"नाही काका," मी म्हणाले, "एक राहिली. आपल्या अग्नेसवहिनीला दिवस गेलेत."

आधी कुणाला खरंच वाटेना. मग जो गलका उठला! दादा माणसं तुडवत पुढं आला आणि तसबिरीपुढे धाडकन गुडघ्यांवर बसला. शेडमध्ये वाफेनं हात भाजला तरी तोंडातून हूं न काढणारा माझा भाऊ, सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडत होता. आमच्यात चारचौघांत नवरा बायकोचा हात धरत नाही. त्यानं धरला. आणि वहिनी त्याच्याकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

बोल की, मी मनात म्हणत होते. सांग ना त्याला, इथं, आत्ता, सगळ्यांसमोर! ती कशी सांगणार होती? तुम्ही सांगितलं असतंत?

आमच्याकडे अशी बातमी झाली की तिथल्या तिथं बाळाचं झबलं बेतायचं. पांढऱ्या मलमलीचा तुकडा, पहिला टाका होणाऱ्या आईनं घालायचा, मग ते झबलं घराघरांतून फिरायचं आणि प्रत्येक घरच्या बाईनं त्यात चार टाके घालायचे. मलमल मीच आणून दिली. सुईत दोरा मीच ओवला. बायकांनी वहिनीला उठवून तसबिरीपुढे गुडघ्यांवर बसवलं. तिला त्या दिवशी धड उभंसुद्धा राहवत नव्हतं, हे त्या घरात फक्त मला ठाऊक होतं. तिनं टाका घातला. सगळ्यांनी नमो मारिया म्हटली. माझा आवाज सगळ्यांत वर होता.

त्या रात्री ती दादाला सांगेल, असं मला वाटलं होतं. नाही सांगितलं. तो इतका हरखला होता की तिची जीभ उचलली नसावी. पुढच्या खेपेला सांगू, मग त्याच्या पुढच्या. तोवर पुन्हा दिवस जातील अशी तिला आशा होती का? असेल. मला ती पुन्हा काही म्हणाली नाही, आणि मीही तिच्याबरोबर एकटी राहायची वेळ येऊ दिली नाही. झबलं नाशिकरोडला गेलं, देवळालीला गेलं, टाक्यांनी भरत चाललं. आई वहिनीला दुधाचा पेला देऊन समोर बसायची, संपेस्तोवर हलायची नाही. वहिनी प्यायची.

अशा गोष्टी बायकांच्या घरात किती दिवस लपणार? थोरल्या काकूनं एकदा मोरीत तिचे डागाचे, धुवायचे कपडे पाहिले. त्या रविवारी बातम्यांच्या वेळी काकांनी मला उठवलंच नाही. वहिनीला उभं केलं.

तिनं सगळं खरं सांगितलं. कधी गेलं ते सांगितलं. आणि म्हणाली, "त्याच दिवशी सकाळी, देवळाबाहेर, मी वन्संना सांगितलं होतं."

सगळी तोंडं माझ्याकडे वळली. अख्खं घराणं! काकांनी विचारलं, "मार्था, खरं का हे?"

आत्तापर्यंत मी जे केलं होतं ते वाईट होतं, पण त्यात खोटं काही नव्हतं, असं मी स्वतःला पटवत आले होते. दिवस गेले होतेच की. आता मात्र तसं सांगायला जागा उरली नव्हती. हो म्हटलं असतं तर? आईनं थोबाडीत मारली असती, काकांनी घरातून घालवलं असतं, आणि त्या तसबिरीपुढे मला पुन्हा कुणी उभं केलं नसतं. वहिनी मात्र सुटली असती.

"नाही काका," मी म्हणाले. "मला असं कुणी काही बोललं नाही."

कुणी माझ्यावर शंका घेतली नाही. का घेतील? मार्थाची बातमी कधी खोटी निघाली होती का? दादा त्या रविवारी आलेला होता. तो वहिनीला एवढंच म्हणाला, "आदल्या रात्रीच गेलं होतं, तर संध्याकाळी गप्प का राहिलीस? टाका का घातलास?" तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. बोबडी वळली. मला हवी होती तशीच.

मग काकूचं तोंड सुटलं. "नवऱ्याला धरून ठेवाया खोटं पोट सांगितलं या बयेनं! मारियामातेम्होरं! आन् वर पोरीवर आळ घेती!" बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या. वहिनीची बाजू घेणारं तिथं कुणी नव्हतं. कालपर्यंत याच बायका तिच्याभोवती गोळा व्हायच्या.

दादा नाशकात उतरेनासा झाला. आमच्या धर्मात बायको सोडता येत नाही, पण माहेरी पाठवता येते. संगमनेरला जाणाऱ्या सर्व्हिस मोटारीवर तिला पोचवायला आईनं मलाच धाडलं. मी तिचं बोचकं उचललं होतं. मोटारीजवळ ती थांबली. तिच्या आवाजात रागसुद्धा नव्हता, रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. म्हणाली, "वन्सं, कुणाला सांगू नका. मला एकटीला सांगा. मी तुमचं काय केलं होतं?"

काय सांगणार होते मी? तुम्ही हसलात म्हणून?

"चढा," मी म्हणाले, "मोटार सुटेल."

ती पाच-सहा वर्षं माहेरी भावाकडे राहिली. त्या वर्षांत रोझरीनंतर तिची एकही बातमी सांगितली गेली नाही. कुणी विचारली नाही, मी काढली नाही. मग एका रविवारी तिकडून निरोप आला की विषमज्वरानं अग्नेस गेली. ती बातमी मी सांगितली. पदर नीट केला, उभी राहिले, तिचं पूर्ण नाव घेतलं, योग्य तिथं थांबले. सगळ्यांनी चिरशांतीची प्रार्थना म्हटली. काकूनंसुद्धा डोळे पुसले. दादा त्या दिवशी आला होता. अकाली म्हातारा झालेला, कुणाशी न बोलणारा.

माणसं पांगल्यावर तो ओट्यावर माझ्याशेजारी येऊन बसला. मग समोर बघतच म्हणाला, "मार्था, ती आता नाही. तुला कुणी काही बोलणार नाही, मीही नाही. त्या सकाळी तिनं तुला खरंच सांगितलं नव्हतं?"

बघा, त्यानं दार सताड उघडून दिलं होतं. हो म्हणायचं होतं फक्त. ती मातीत गेली होती, पण तिचं नाव तरी धुऊन निघालं असतं.

"नाही दादा," मी म्हणाले.

त्यानं मोठा श्वास सोडला. "मग माझं चुकलं नाही," म्हणाला, आणि चपला घालून स्टेशनकडे गेला. ते तो मरेपर्यंत धरून होता.

दादाला बरं वाटावं म्हणून मी नाही म्हणाले, असं इथं सांगता आलं असतं. तुम्ही विश्वासही ठेवला असता. पण तसं नव्हतं. पुढच्या रविवारीही बातम्या मीच सांगाव्यात, म्हणून म्हणाले. आणि पुढच्या रविवारी मीच सांगितल्या.