पडीक टोपी

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवळात नाही, दारू पिऊनही नाही. आता ती गेली, घरात बोलायला भिंती उरल्यात, म्हणून तुला सांगतो. माझी शाळा चौथीपर्यंत. जसं येतं तसं लिहितो.

आम्ही देवबागचे. पन्नास-साठ सालातली गोष्ट. पावसाळ्यात दर्या बंद, होड्या वर ओढलेल्या, पुरुषांच्या हाताला काम नाही. मग होड्या ठेवायच्या मांगरात आमची अदलाबदल चालायची. कोणी बासरी आणायचा, कोणी गंजिफाचे पत्ते, कोणी ढोलकी. एकाचा कंटाळा तो दुसऱ्याचा नाद. त्याला एक नियम होता — गेल्या नारळी पुनवेला दर्याला नारळ दिल्यापासून जिला हात लागला नाही ती वस्तू पडीक. पडीक वस्तू द्यायची, नवी घ्यायची. देताना कुरकुर करायची नाही.

मी त्यात सर्वांत पुढे. बासरी दिली, ढोलकी घेतली. ढोलकी फुटली तशीच देऊन करवंट्या कोरायची हत्यारं आणली. बोट कापलं, ती पण दिली. आमच्यातला भिकू म्हणायचा, "बायको बदलूक गावना नाय ता बरा, नायतर तीय हाडलं असतंस हंय!" सगळे हसायचे. मीही हसायचो.

भिकू लाकडाची छोटी गलबतं करायचा. हातभर लांब, पण डोलकाठी, शीड, सगळं बरोबर. त्याच्याकडे त्या वर्षी एक तारांचा बुलबुलतरंग आला होता वाजवायचा. तो मला हवा होता. का हवा होता? — आज आठवत नाही. बघ, एवढंच त्याचं मोल.

माझ्याकडे द्यायला काही उरलं नव्हतं. आणि भिकूला पाहिजे होता बारीक, पांढरा, न तुटणारा दोरा. गलबताच्या दोरखंडांसाठी.

आता इथे मी अडखळतो. थांब जरा.

माझ्या बायकोचं नाव सुभद्रा. अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडे रोझीन राहायची, ख्रिस्तावांची. तिनं सुभद्राला क्रोशा शिकवला. दोघी माडाखाली बसून विणायच्या, आणि हसायच्या — इतकं हसायला काय असतं, मला कधी कळलं नाही. सुभद्राला दिवस गेले तेव्हा तिनं बाळाची टोपी घातली विणायला. पण मूल होण्याआधी कपडा पुरा करायचा नाही, आमच्यात अपशकुन मानतात. म्हणून शेवटची फेरी राखून ठेवली, सुई त्यातच. मुलगी झाली. मापाला म्हणून तीच अपुरी टोपी दोन-चारदा तिच्या डोक्यावर ठेवली. बारशाच्या आधीच पोर गेली. नाव नाही, काही नाही. माझ्या आईनं पोरीची चिंधी न् चिंधी गोळा करून खाडीत सोडली. टोपी तेवढी राहिली. अपुरी म्हणजे कपडा नव्हे, म्हणून आईनं ती मोजली नाही.

सुभद्रानं ती दोऱ्याच्या गुंड्यासकट बिस्किटाच्या डब्यात ठेवली. पुढच्या पावसाळ्यापर्यंत मी तिला डबा उघडताना पाहिलं नाही. मी म्हटलं — पडीक.

मी दर्यावर असताना ती काय करायची, मला काय ठाऊक? विचारलं कधी? नाही.

डबा उघडला तेव्हा टोपी समोर होती. माहीत नव्हतं असं म्हणणार नाही. होतं. तरी तसाच उचलून भिकूला नेऊन दिला.

दोन दिवसांनी ती शोधायला लागली. चुलीमागे, माळ्यावर, भाताच्या कणगीत हात घालून. "माझो डबो बघलात काय ओ?" मी पानाला चुना लावत होतो. मान वर न करता म्हटलं, "रोझीन इली होती ना काल?"

बस्स. एवढंच. नेला म्हटलं नाही मी. नुसतं विचारलं.

ती तशीच गेली. गडग्यावरून ऐकू आलं — "मेल्या पोराची वस्तू व्हरून तुका काय गावला गो? तुझी चार जिती आसत ना!" रोझीन गळ्यातल्या खुर्साची आण घेत होती. मी अंगणात उभा होतो. चार पावलं टाकून सांगता आलं असतं. नाही टाकली. संध्याकाळी सुभद्रानं गडग्यातल्या वाटेवर काटे आणून लावले. रोझीनशी परत बोलली नाही. तसं हसणंही मग त्या घरात ऐकलं नाही मी.

चतुर्थीला भिकूनं गलबत गणपतीसमोर ठेवलं. सगळा गाव बघायला. सुभद्रा वाकून म्हणाली, "बघा ओ, दोरी कशी नाजूक ती." मी बघितलं. विणलेलं उसवलं तरी दोऱ्यात वळ्या राहतात. डोलकाठीपासून खालपर्यंत त्या बारीक वळ्या. तिनं बोटानं दोरी हळूच दाबली, सोडली. ओळखली काय? विचारायची माझी छाती झाली नाही. आम्हाला पुन्हा मूल झालं नाही.

ती गेली तेव्हा शुद्धीत होती. म्हणाली, "रोझीनीक सांगा, मी तिका माफ केलंय." मी "हो" म्हटलं. ऐकतोस ना? तिच्या मरणाच्या वेळीही मी नुसतं "हो" म्हटलं.

गेलो मी. रोझीन म्हापशाला लेकीकडे असते. डोळ्यांनी दिसत नाही आता. तिचा हात हातात घेऊन सांगितलं, सुभद्रा तुला माफ करून गेली.

रोझीन म्हणाली, "माका माफ? कित्या रे? मी तो डबो घेवक नाय." आणि माझ्याच हातावर थोपटून म्हणाली, "ऱ्हवांदे. आता वर गेली, आता तिका सगळा खरा कळला आसतला."

खरं सांगायला तोंड उघडलं होतं मी. लेकीनं चहा आणला. मी चहा प्यालो आणि वेंगुर्ल्याची गाडी पकडून परत आलो.

टोपी मी दिली. रोझीननं नेली नाही.