एक्केचाळीस माणसांचं घर

वाचनालयाच्या तळघरात एक खोली होती आणि तिच्या दारावर 'अत्याधुनिक डिजिटल सेवा कक्ष' अशी पाटी होती. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. आत चार कॉम्प्युटर. त्यातला एक कायमचा आजारी, दुसऱ्याच्या कीबोर्डची तीन बटणं उडालेली, आणि उरलेले दोन एकाच वेळी चालू केले की नेट दोघांनाही सोडून जायचं. या खोलीत गेली अकरा वर्षं एक कारकून बाई बसत होत्या. त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपटाला माहीत होतं. बाकी सगळे त्यांना नंबरताई म्हणायचे.

हे नाव त्यांना चिकटलं ते इस्त्रीवाल्या मावशींमुळे. मावशी कोपऱ्यावरच्या टपरीत इस्त्री करायच्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. कापडावरची चुणी दिसेनाशी झाली होती, ती बोटांनी चाचपून शोधायची पाळी आली होती. एकदा चुणी समजून एका गिऱ्हाइकाचा खिसाच जाळला, तेव्हा कुणीतरी त्यांना सरकारी ऑपरेशनचा अर्ज भरायला तळघरात पाठवलं. नाव झालं, वय झालं, पत्ता झाला आणि मोबाईल नंबराच्या चौकटीपाशी घोडं अडलं. मावशींकडे फोन नव्हता. चौकट रिकामी ठेवली तर पान पुढे सरकत नव्हतं.

"मग तुझा टाक की," मावशी म्हणाल्या.

ताईंनी टाकला. त्यात विचार करण्यासारखं काय होतं? संध्याकाळपर्यंत तळघरातल्या सगळ्या रांगेला ही युक्ती कळली. पाच वर्षांत ताईंच्या एका फोनवर एकोणचाळीस माणसांचे अर्ज जमा झाले. कुणाची पेन्शन, कुणाचं कानाचं यंत्र, कुणाचा दाखला. ज्याच्याकडे फोन नाही त्याला सरकार काही सांगूच शकत नव्हतं, म्हणून ते सगळं ताईंना सांगायचं.

आलेले मेसेज ताई रोज सकाळी दहा वाजता खोलीच्या जिन्याकडच्या खिडकीत उभ्या राहून वाचायच्या. मेसेजमध्ये नाव नसायचं, नुसते अर्जाच्या नंबराचे शेवटचे चार आकडे. ताई आकडे वाचायच्या, वहीत शोधायच्या, नाव पुकारायच्या आणि मग मजकूर. वहीत एकोणचाळीस नावं होती. नियम एकच होता: जे येईल ते वाचायचं. कुणाला बाजूला घेऊन सांगायचं नाही, कारण एकाला बाजूला घेतलं की बाकीचे नाना तर्क करायचे.

सुरुवातीला त्या मनापासून वाचायच्या. मंजूर आलं की हसायच्या, नामंजूर आलं की डोळे भरायचे. मग लोक जिन्यावरूनच त्यांचा चेहरा वाचायला लागले. एकदा ताई दातदुखीने हैराण होऊन उभ्या होत्या, तर एक म्हातारे वॉचमन त्यांच्याकडे बघून काही न ऐकताच परत फिरले. त्यांची पेन्शन त्या दिवशी मंजूर झाली होती. त्यानंतर ताई चेहरा घरी ठेवून यायला शिकल्या. आवाजही सपाट केला. वर्षा-दोन वर्षांनी अशी वेळ आली की घरी गेल्यावरही तो चेहरा सापडेना. त्याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. तेच तर हरवलं होतं.

घरी आई होती. चार वर्षांपूर्वी उजवी बाजू गेली. एकेकाळी जिभेला हाड नसलेली ही बाई, आता तिच्याकडे "बरं" एवढा एकच शब्द उरला होता. भूक लागली तरी बरं, दुखलं तरी बरं. ताई सकाळी तिला पुसून, भरवून, कुशीवर करून निघायच्या. दुपारी शेजारच्या काकू येऊन कूस बदलायच्या, पाणी पाजायच्या. काकूंनी चार वर्षांत एकदाही कुरकुर केली नाही. आता मात्र त्यांची लेक त्यांना आपल्याकडे न्यायला निघाली होती. महिनाअखेरीला.

"तुझं कसं गं होईल?" काकूंनी विचारलं होतं.

"अर्ज केलाय," ताई म्हणाल्या.

अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी सरकार दिवसा घरी सेविका पाठवतं, त्याचा तो अर्ज होता. सेविका आली तर नोकरी टिकणार होती. नाही आली तर ताईंना राजीनामा देऊन घरी बसावं लागणार होतं, आणि घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं. इतका सरळ हिशेब होता.

मंगळवारी दहा वाजता ताई खिडकीत आल्या. समोर सात-आठ माणसं होती. मावशी नेहमीप्रमाणे सगळ्यात पुढे.

"माझा?"

"नाही मावशी. यादीत मात्र सरकलात. आता सहावा नंबर."

मावशींनी हे वाक्य पाच वर्षं वेगवेगळ्या आकड्यांनी ऐकलं होतं. दोनशे बारा, नव्वद, एकतीस. सहा ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे पुढच्या महिन्यात मी तुझं तोंड बघणार. बघू तरी कशी दिसतेस ते." सगळे हसले.

ताईंनी पुढचा मेसेज उघडला. "सत्तेचाळीस अकरा," त्यांनी पुकारलं. वहीत सापडेना. "सत्तेचाळीस अकरा कुणाचा?" शेवटी त्यांनी नुसता मजकूर वाचला, म्हणजे ज्याचा त्याला कळेल. "'आपल्या कुटुंबात अर्जदाराव्यतिरिक्त चाळीस प्रौढ सदस्य असून ते अर्जदाराची देखभाल करण्यास सक्षम आहेत. सबब गृहसेविकेचा अर्ज नामंजूर. अपील सात दिवसांत.'"

"चाळीस?" वॉचमन म्हणाले. "घर आहे का पलटण?"

परत हशा झाला. ताई वहीची पानं पुढे-मागे करत राहिल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आईचा अर्ज त्यांनी वहीत लिहिलाच नव्हता. आपलाच नंबर लिहून ठेवायची गरज काय?

"राहू दे, मी बघते," ताई म्हणाल्या आणि पुढचा मेसेज वाचायला घेतला. आवाज जरासुद्धा हलला नाही.

दुपारी त्या वॉर्ड ऑफिसात गेल्या. तिथल्या साहेबांनी स्क्रीन फिरवून दाखवली. गेल्या महिन्यात पोर्टलची नवी आवृत्ती आली होती. तिच्या मते एक नंबर म्हणजे एक घर. ताईंच्या नंबरावर आई, ताई आणि एकोणचाळीस जण एकाखाली एक ओळीने उभे होते, एका चुलीवर जेवणारे असल्यासारखे.

"हे माझे कुणी नाहीत हो," ताई म्हणाल्या.

"मला कळतंय. त्याला कळत नाही ना." साहेबांनी कॉम्प्युटरच्या डोक्यावर टिचकी मारली. साहेब वाईट नव्हते. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. "बाकीच्यांच्या अर्जांना काही अडचण नाही. घरची माणसं फक्त सेविकेच्या अर्जात मोजतात. त्यांची नावं तुमच्या नंबरावरून काढा, लगेच मंजूर होईल."

"आणि त्यांचे अर्ज?"

"ते बंद होतील. परत भरायचे, यादीच्या शेवटी."

"आईला नवा नंबर घेतला तर?"

"नवा नंबर सहा महिने जुना झाल्याशिवाय पोर्टल घेत नाही."

"दुसऱ्या कुणाचा दिला?"

"मग त्या घरातली धडधाकट माणसं मोजणार."

ताईंनी तरीही धाकट्या भावाला फोन लावला. "ताई, आमच्या घरात चार माणसं," तो म्हणाला, "मोजणारच गं ते." त्याच्या आवाजातली सुटका ताईंना स्वच्छ ऐकू आली. राग यायला हवा होता. आला नाही.

आठवडा गेला. ताई रोज खिडकीत उभ्या राहिल्या आणि रोज ठरवलं की आज सगळ्यांना सांगायचं. सांगितलं नाही. विचारलं आणि ते नाही म्हणाले, तर पुढे काय? आणि हो म्हणाले तर त्याहून वाईट. मावशी हो म्हणाल्याच असत्या. ताईंना ते पक्कं माहीत होतं, आणि त्यामुळेच त्यांना विचारवलं नाही. हा काही चांगुलपणा नव्हता. भित्रेपणा होता, आणि ताईंना तोही कळत होता.

सातव्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, दाराला आतून कडी घालून त्या धड चालणाऱ्या कॉम्प्युटरसमोर बसल्या. यादी उघडली. प्रत्येक नावापुढे 'कुटुंबातून वगळा' असं बटण होतं. पहिलं नाव वॉचमनचं. बटण दाबलं. स्क्रीनवर आलं: 'यासाठी सदस्याची संमती आवश्यक आहे. सदस्याच्या नोंदणीकृत मोबाईलवर ओटीपी पाठवला आहे.'

टेबलावरचा ताईंचा फोन थरथरला.

त्या फोनकडे बघत राहिल्या. कोड तीन मिनिटं चालतो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. दोन मिनिटं गेल्यावर त्यांनी सहा आकडे टाकले. 'सदस्याने संमती दिली आहे. धन्यवाद.' मग दुसरं नाव. फोन थरथरला. मग तिसरं. यंत्र विचारत होतं, प्रत्येकाला वेगवेगळं, अगदी रीतसर, आणि प्रत्येकाच्या वतीने ताई हो म्हणत होत्या. दहाव्यानंतर त्या नावं वाचेनाशा झाल्या, नुसते आकडे टाकत राहिल्या. तरी मावशींचं नाव आलं ते कळलंच. नावापुढे लिहिलं होतं: प्रतीक्षा क्रमांक चार. दोन माणसं आठवड्यात कमी झाली होती. ताईंनी आकडे टाकले. मग पुढचं बटण दाबलं.

सुट्टी संपायच्या आत घरात दोनच माणसं उरली. ताईंनी अपील पाठवलं, कडी काढली आणि बाहेर थांबलेल्या माणसाला आत घेतलं. संध्याकाळी आईला भरवताना म्हणाल्या, "झालं काम." आई म्हणाली, "बरं."

दुसऱ्या दिवशी दहा वाजेपर्यंत फोनवर एकोणचाळीस मेसेज आले होते. सगळे एकसारखे. आजारी पडल्याचं कळवून घरी राहता आलं असतं. ताई खिडकीत आल्या. समोर अकरा माणसं होती.

"बाराशे चार," त्यांनी पुकारलं, आणि वॉचमनचं नाव घेतलं. "'आपल्या विनंतीवरून आपला अर्ज बंद करण्यात आला आहे.'" वॉचमनची पेन्शन चालू होती, हा अर्ज बायकोच्या कानाच्या यंत्राचा होता. ते काही बोलायच्या आत ताईंनी दुसरा वाचला. तिसरा. चौथा. तेच वाक्य, तोच आवाज. पाचवा मावशींचा होता.

"माझ्या विनंतीवरून?" मावशी म्हणाल्या. "मी कधी गं विनंती केली?"

"तुम्ही नाही. मी केली, तुमच्या नावाने."

मग ताईंनी सगळं सांगितलं. आई, शेजारच्या काकू, एक्केचाळीस माणसांचं घर, ओटीपी. काही लपवलं नाही, काही सजवलं नाही. मेसेज वाचावा तसं सांगितलं. कुणी ओरडलं नाही. ओरडायचं कुणावर, तर गेली पाच वर्षं जिने आपलं सगळं वाचून दाखवलं तिच्यावर. वॉचमननी टोपी घातली आणि जिना चढून निघून गेले. त्यांच्यामागे आणखी दोघं गेले.

तेवढ्यात फोन थरथरला. जे येईल ते वाचायचं.

"सत्तेचाळीस अकरा," ताई म्हणाल्या. "'आपले अपील मंजूर. सेविका सोमवारपासून रुजू होईल.'"

"हा कुणाचा?" मागून एकाने विचारलं. तो उशिरा आला होता.

"माझ्या आईचा."

मावशी खिडकीच्या कठड्याला धरून उभ्या होत्या. "किती वर्षं झाली तिला पडून?"

"चार."

"मला पाच झाली थांबून."

आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं. तो सपाट आवाज ताईंनी लगेच ओळखला. त्यांचाच होता. रोज ऐकून ऐकून मावशींनी उचलला होता. ताईंना त्या क्षणी फार वाईट वाटलं, कितीतरी वर्षांनी, आणि ते कुठे ठेवावं ते त्यांना सुचेना.

मावशी चाचपत आत आल्या आणि कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीवर बसल्या. "भर परत," त्या म्हणाल्या.

ताईंनी नवा अर्ज उघडला. नाव पाठ होतं. वय पाच वर्षांनी वाढवलं. पत्ता पाठ होता. मग ती चौकट आली. रांगेतल्या प्रत्येकाला विचारायचा प्रश्न ताईंनी सवयीने विचारला.

"मोबाईल नंबर?"

मावशींनी धूसर डोळे त्यांच्या आवाजाच्या दिशेने वळवले.

"तो तर तुझाच होता गं," त्या म्हणाल्या.