आक्काची बोट-विमान सहल

“मुंबईला निघालोय,” असं कुणी आक्काला सांगितलं की ती “कशाला?” असं विचारायची नाही. “कधी?” असंही नाही. डोळे बारीक करून ती एवढंच विचारायची, “बरं. आणि उतरल्यावर?”

समोरचा माणूस गडबडायचा. उतरल्यावर काय, उतरल्यावर मुंबई! पण आक्काचं त्यावर समाधान व्हायचं नाही. “गाडी तुमाला नेऊन सोडती. त्यात तुमचं काय शहाणपण? स्टेशनातनं बाहेर पडल्यावर डावीकडं जायचं का उजवीकडं, हे ज्याला म्हाईत त्यानं प्रवास केला म्हणायचा.” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की आजही कुठल्या गावाला उतरले की माझी मान आपोआप आधी डावीकडे वळते.

आक्का आमची शेजारीण. माहेर दुधनीचं, त्यामुळे कानडी आणि मराठी एकाच तोंडात, एकाच दमात. नवरा गिरणीत कारकून होता, तो लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. चाळिशी उलटल्यावर या बाईनं सहली काढायला सुरुवात केली. सत्तरच्या दशकातलं सोलापूर ते. बाईनं बायकांना घेऊन गावभर फिरणं वेगळं आणि चाळीस माणसं घेऊन समुद्रावर जाणं वेगळं. लोक हसले. मग त्यातलेच काही जण हळूच नाव सांगायला आले.

तिची गाजलेली सहल म्हणजे बोट-विमान सहल. सोलापूरहून बसनं गोवा, तिथली देवळं, मग पणजीहून मुंबईची बोट. दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईच्या धक्क्यावर उतरायचं, दादरला एका मंगल कार्यालयात आंघोळ आणि चहा, तिथून बसनं सांताक्रूझला विमानं बघायला आणि संध्याकाळी सोलापूरची गाडी. विमानात बसायचं नाही हं, नुसती बघायची. वरच्या गॅलरीत कठड्याला धरून उभं राहायचं आणि विमान उडालं की सगळ्यांनी एकदम “गेलं!” म्हणायचं. आमच्या माणसांना तेवढं वर्षभर पुरायचं.

बोट आणि विमान दोन्ही आपापल्या जागी असतातच. त्यांच्यामधला रस्ता ही आक्काची खरी करामत. धक्क्यावर बस नेमकी कुठे उभी करायची, म्हाताऱ्यांना किती चालावं लागेल, सामान आधी उतरवायचं की माणसं, वाटेत रेल्वेचं फाटक कुठे आडवं येतं, सगळं ती आधी एकटी जाऊन बघून यायची. “जिथनं मी गेली न्हाय, तिथनं मी कुणाला नेत न्हाय.” आल्यावर ती मला समोर बसवून फरशीवर शेंगदाणे मांडायची. हा धक्का, हे दादर, हे विमानतळ. मी शाळेत शिवण शिकवायचे. सुट्टीत तिच्या सहलींना मदतनीस म्हणून जायचे आणि ऐकता ऐकता माझा हात शेंगदाण्यांकडे जायचा. “अगं सुमन, सांताक्रूझ खाल्लंस की!” ती ओरडायची, आणि नवीन शेंग फोडून विमानतळ पुन्हा जागेवर ठेवायची.

दिवसाचा कार्यक्रम ती कधीही गच्च भरायची नाही. मला वाटायचं, एवढा वेळ रिकामा कशाला? अजून एक बाग दाखवता येईल, एक देऊळ होईल. ती म्हणायची, “भाकरी फुगायला तव्यावर जागा लागती. सहल काय येगळी हाय?” आणि खरोखर, कुणाची चप्पल तुटायची, कुणाला बोट लागायची, एखाद्या आजी धक्क्यावरच जप करत बसायच्या, आणि तो रिकामा वेळ बरोब्बर भरून निघायचा. “येन माडोदू,” म्हणजे करायचं काय, असं कानडीत म्हणून ती हसायची. तिला हे वाक्य हताशपणे म्हणता यायचंच नाही. ते म्हणताना ती पदर खोचायला लागलेली असायची.

एका दिवाळीच्या सुट्टीत मात्र तिनं सहलीचा दिवस दोनदा बदलला. मी कारण विचारलं, तेव्हा तिनं दार लोटून घेतलं आणि मग सांगितलं.

आमच्या मागच्या गल्लीत नरसम्मा राहायची. तेलुगू विणकरांचं घर. नवरा मागावर चादरी विणायचा. त्यांचा थोरला व्यंकटेश बापाशी भांडून मुंबईला निघून गेला होता. त्याला मागावर बसायचं नव्हतं. बाप म्हणाला होता, जातोस तर तोंड दाखवू नको. पोरगं वेल्डिंग शिकलं आणि आता त्याला आखातात काम मिळालं होतं. विमानानं जाणार होता, जायची तारीख दोनदा बदलली होती, परत कधी येईल ठाऊक नव्हतं. शेजारच्या एकाकडून ही बातमी आली, आणि त्या दिवसापासून नरसम्माचं जेवण तुटलं. नवऱ्याला विचारायची तिची छाती नव्हती.

“मग न सांगता नेऊ या,” मी म्हणाले. “देवदर्शनाला चाललोय म्हणायचं.”

“खोटं बोलून न्यायचं आणि आल्यावर ती मार खाणार. न्हाय जमायचं.” आक्का सरळ त्यांच्या मागाच्या खोलीत गेली. मी दारात उभी. माग खडखडत होता, नरसम्माच्या नवऱ्यानं तो थांबवलाही नाही. आक्का आवाज चढवून म्हणाली, “दादा, तुमची बायको माझ्यासंगं गोव्याला येतीय. परत येताना आमी विमानं बघणार हाओत. विमानात कोण बसलंय ते काय आमी विचारत न्हाय.”

मागाचा धोटा दहा-वीस वेळा इकडून तिकडे गेला. आक्कानं तेवढ्यालाच होकार मानलं.

निघायच्या दिवशी पहाटे बसजवळ तो आला. बायकोकडे बघितलंही नाही. एक कोरी, घडी न मोडलेली चादर त्यानं आक्काच्या हातात दिली. “बोटीवर थंडी वाजती,” म्हणाला आणि निघून गेला. नरसम्मानं ती चादर गोव्यात एकदाही उघडली नाही. उशाशी घेऊन झोपायची, पण पांघरायची मात्र जुनीच.

येताना समुद्र खवळलेला होता. वाटेतल्या बंदरांवर बोट धक्क्याला लागत नसे. किनाऱ्यावरून पडाव यायचे आणि त्यातून माणसं वर चढायची. त्या दिवशी लाटांमुळे पडावांना बोटीजवळ येताच येईना. प्रत्येक बंदरात खोळंबा. सकाळी डोळे उघडले तेव्हा मुंबई दिसायलाच हवी होती, आणि दिसत होतं नुसतं पाणी. चादर छातीशी धरून नरसम्मा पुढच्या बाजूला उभी होती.

धक्क्यावर उतरलो तेव्हा आक्काचा सगळा रिकामा वेळ संपून वर उधारी झाली होती. दादरला गेलो असतो तर व्यंकटेशचं विमान चुकलं असतं. ती बसच्या पायरीवर उभी राहिली. “ऐका. आंघोळ आणि चहा आता न्हाय. आधी विमानतळ. आंघोळी मागनं.”

एकच गिल्ला झाला. सहलीत बार्शीचे एक आडते होते, धान्याचे मोठे व्यापारी. ते उभेच राहिले. “बाई, बोटीवर रात्रभर उलट्या झाल्या माणसांना. आंघोळीशिवाय मी पाणी पीत नाही. विमानं काय, दुपारीबी उडतात की!”

“उडतात, शेठ.”

“मग कारण काय?”

आक्कानं एकदाही नरसम्माकडे पाहिलं नाही. “कारण हाय. पण ते मी सांगणार न्हाय. रागवायचं तर माझ्यावर रागवा. आज शिव्या दिल्या तरी खाऊन घेते. पण बस आधी तिकडंच जाणार.”

मी हळूच म्हणाले, “आक्का, सांगून टाका ना. कुणी अडवणार नाही मग.”

“सुमन, तिचं दुखणं हाय ते. बसमधनं परसाद वाटल्यासारखं वाटत सुटू व्हय?”

बस निघाली. सगळा रस्ता कुरकुरीत गेला. मागून कुणीतरी म्हणालं, पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाबरोबर जाऊ. आक्का ड्रायव्हरजवळ उभी राहून त्याला रस्ता सांगत होती. माहीममध्ये गर्दी दिसताच तिनं त्याला आतल्या गल्लीनं काढलं. तिच्या मानेवर घाम होता, पण आवाज नेहमीचाच.

विमानतळाच्या दाराशी माणसांची ही गर्दी. आखातात जाणारी पोरं, त्यांच्या गळ्यात हार, आया रडताहेत. बस थांबायच्या आत नरसम्मानं उडी टाकली असती. आक्कानं तिचा दंड धरला. “मोठ्या दाराच्या डाव्या खांबाजवळ. तिथंच थांब म्हणून निरोप धाडलाय त्याला.”

खांबाजवळ कुणी नव्हतं. नरसम्मा त्या खांबाकडे नुसती बघत राहिली. आणि मग आतून, काचेच्या दारातून, एक हडकुळा पोरगा शिपायाच्या हाताखालून जवळजवळ पळतच बाहेर आला. त्याच्या बरोबरची पोरं आत गेली होती, त्यालाही जावं लागलं होतं. पण तो दाराच्या आतूनच खांबावर नजर ठेवून उभा होता.

तो आईच्या पाया पडला. नरसम्मानं त्याच्या गालाला हात लावला आणि म्हणाली, “तिन्नावा, बिड्डा?”

जेवलास का, बाळा. सोलापुरात राहणाऱ्याला एवढं तेलुगू कळतंच. आमच्या बसमधली सगळी माणसं एव्हाना खाली उतरली होती, आणि सगळ्यांनाच ते कळलं. नरसम्मानं कडक भाकरीची पुरचुंडी आणि शेंगांची चटणी त्याच्या पिशवीत कोंबली. मग चादर पुढे केली. त्यानं घडी उलगडली, काठ बघितला, बोटांनी चाचपला. विणकराचं पोरगं ते, कुणाच्या हातचं आहे हे त्याला सांगावं लागलं नाही. ती चादर त्यानं तशी भर उन्हात खांद्यावर टाकली. शिपाई हाका मारत होता. तो आत गेला.

बार्शीवाले शेठ माझ्याजवळ उभे होते. ते खाकरले. “बाई काही बोलल्या नाहीत,” म्हणाले. नंतर ते स्वतः जाऊन आक्कासाठी चहा घेऊन आले. स्वतः मात्र प्यायले नाहीत. आंघोळ व्हायची होती ना.

वर गॅलरीत आक्का कुठेशी गायब झाली. आली ती एका वर्दीवाल्या माणसाला विचारूनच. नरसम्माला कठड्याशी नेऊन तिनं बोट दाखवलं. “ते बघ. शेपटाला हिरवा पट्टा असलेलं. तेच. दुसऱ्याकडं बघू नको.” ते विमान हललं, दूर गेलं, वळलं, आणि धावत येऊन उडालं. त्या दिवशी “गेलं!” असं कुणी ओरडलं नाही. नरसम्मा ठिपका नाहीसा होईपर्यंत हात हलवत होती, आणि तिच्यामागे आमची चाळीस पारोशी माणसं हात हलवत होती.

दादरला जाताना आक्का पहिल्यांदाच माझ्याशेजारी बसली. मी विचारलं, “कोणतं विमान, हे सांगायला एवढी धावपळ कशाला केलीत?”

“माझा भाऊ बोटीवर कामाला लागला तवा आई आणि मी त्याला पोचवायला आलो होतो. मी लहान. स्टेशनात उतरलो, पण पुढं कुटं जायचं हे दोघींनाबी ठाव न्हाय. इचारत इचारत गेलो ते भलत्याच धक्क्यावर. पाण्यात चार-पाच बोटी निघालेल्या. त्यातली त्याची कोणती, कळंना. मग आईनं सगळ्याच बोटींना हात केला.”

“मग? भाऊ?”

“आला की परत! चांगला जाडजूड होऊन आला. आता धारवाडात दुकान हाय त्याचं.” ती हसली. “पण आई मरेपर्यंत म्हणत होती, जाताना मी काय त्याला दिसले न्हाय.”

सोलापूरला स्टेशनावर नरसम्माचा नवरा आला होता. तो बायकोकडे गेला नाही, आक्काकडे आला आणि नुसता उभा राहिला. आक्का म्हणाली, “खांद्यावर टाकून गेला.” त्या माणसानं मान खाली घातली, बायकोच्या हातातली पिशवी घेतली आणि दोघं रिक्षाकडे चालू लागले. पुढे व्यंकटेश सुट्टीवर यायचा तो थेट घरीच. बापाच्या शेजारी बसून मागाचे सुटे भाग दुरुस्त करून द्यायचा.

दशक संपता संपता आक्काचे गुडघे धरले. “आता तू ने,” ती एक दिवस मला म्हणाली, जणू दुधाचं पातेलं उतरवायला सांगावं तसं. मी खूप घाबरले. माझी पहिली सहल ठरली तेव्हा ती रीतसर नाव सांगायला आली, इतर बायकांसारखी.

पणजीहून बोट निघाली. मी इकडून तिकडे धावत होते. कुणाला लिंबू, कुणाला सतरंजी. आक्का डेकवर पाय पसरून शेंगा खात बसली होती. दर थोड्या वेळानं मी तिच्याकडे जायचे. “आक्का, सकाळची बस आतल्या गेटाशी सांगितलीय, चालेल ना?”

“मला काय इचारतीस? मी पाशिंजर हाय.”

संध्याकाळ झाली तशी ती कठड्याशी जाऊन उभी राहिली. मी खाली जाऊन आले तरी ती तिथंच. माझ्याकडे न बघता म्हणाली, “सुमन, पाण्याचा रंग बदलतोय की गं.”

“रोजच बदलतो, आक्का.”

“मला कुणी सांगितलं न्हाय ते.”

आक्का पुढे काही वर्षांनी गेली. दुपारी जेवून आडवी झाली, ती उठलीच नाही. तिला साजेलसं, कुणाचीही धावपळ न करता. मी आणखी बरीच वर्षं सहली नेल्या. धक्क्यावरून माणसं उतरवली, विमानतळावर पोचवली, कित्येकांच्या शिव्याही खाल्ल्या. पण आक्का आठवते ती बसच्या पायरीवरची नाही. आठवते ती त्या संध्याकाळची. डोक्यावरचा पदर वाऱ्यानं उडतोय, तो सावरायचंही तिला भान नाही, आणि समोर उघडं पाणी. मी म्हणाले, “आक्का, चला, जेवायला वाढलंय.”

ती म्हणाली, “थांब जरा. आत्ता कुटं बघाय लागलीय मी.”