बारा दाणे जवारी

चहा गार करून पिणं. माग सुरू करण्याआधी धोट्याला कपाळ टेकवणं. दर सोमवारी तराजूतून जवारीचा एक दाणा काढून टाकणं. अणदूरच्या विरुपाक्षअप्पांच्या या सवयी शेजारच्या दिगंबरला पाठ होत्या.

अप्पा घोंगड्या विणत. खोकल्यापायी त्यांना अफू लागली होती. निजामाच्या परवान्याच्या दुकानातून ते ती आणत आणि रोजची गोळी जवारीच्या दाण्यांनी तोलत. सात महिन्यांत ते चाळीस दाण्यांवरून बारावर आले होते.

हैदराबादेहून बी.ए. होऊन आलेल्या दिगंबरला ते बारा दाणेही खुपले.

"अप्पा, खंडोबाचा भंडारा उचलून शपथ घ्या. एकदाची सुटंल."

"लेकरा, मनातनं कवाच सुटलीय. अंगाला येळ लागतोय."

"म्हंजे अजून खायचीच हाय म्हणा की!"

दुसऱ्या दिवशी अप्पांनी भंडारा उचलला आणि गोळी एकदम बंद केली.

उलट्या आणि जुलाब थांबेनात. बायकोनं, महानंदानं, रडत गोळी पुढं केली. देवाची शपथ मोडायची नाही म्हणून अप्पांनी तोंड फिरवलं. सहाव्या दिवशी ते गेले.

तराजूत बारा दाणे तसेच होते. मागावर दिगंबरसाठी लावलेली घोंगडी होती. ती दीड हात विणायची राहिली.