मागची बॅटरी आणि मामंजींची झोप

आमच्या ट्रकला दोन बॅटऱ्या होत्या. पुढची गाडी सुरू करायला आणि मागची आमचा संसार चालवायला. पुढचीनं मला कधी त्रास दिला नाही. मागचीनं जेवढा दिला तेवढा सासरच्या कुणी दिला नाही, आणि माझं सासर काही लहान नव्हतं.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. सोलापुरात शुक्रवार पेठेत आमचं चादरी-टॉवेलचं दुकान आणि दुकानाच्या मागंच घर. गादीवर मामंजी, म्हणजे माझे सासरे, आणि त्यांना खेटून माझे मोठे दीर. आमच्या ह्यांना गादीवर जागाच उरली नव्हती. असती तरी हे बसले नसते, कारण ह्यांच्या पायाला भिंगरी. ह्यांनी एक म्हातारा ट्रक घेतला, मागं पत्र्याची खोली बांधून घेतली. चादरींसाठी फळ्या, निजायला एक बाकडं, बाकड्याशेजारी वीतभर खिडकी आणि स्टोव्हपुरता कोपरा. मग आम्ही दोघं माळशिरस तालुक्यातले आठवडी बाजार करत हिंडायला लागलो.

पेठेतल्या बायका विचारायच्या, "कशी गं राहतेस त्या डब्यात?" मी चेहरा पाडून म्हणायची, "काय करणार, नशीब." तो चेहरा पाडायला मला फार कष्ट पडायचे. घरी मी धाकटी सून. भाकरी थापायला बसले की एक पंगत उठायच्या आत दुसरीचं पीठ परातीत पडलेलं असायचं. ट्रकमध्ये चार भाकऱ्या थापल्या की उरलेला दिवस माझा. समोर रस्ता, हातात चहा आणि हाक मारायला कुणी नाही. मला ते फार आवडायचं, आणि आवडतं हे घरी कळलं तर बंद होईल अशी भीतीही वाटायची.

मागच्या बॅटरीवर एक दिवा आणि एक छोटा पंखा चालायचा. पंखा ड्रायव्हरच्या डोक्याशी लावतात तसला, वारा कमी आणि खडखडाट जास्त. बॅटरी भरलेली असेल तरच हे वैभव, आणि ती भरायची गाडी पळाली तरच. गाडी उभी करून नुसतं इंजिन चालू ठेवलं तर डायनामो पुरेसा फिरत नाही, हे आम्ही डिझेल जाळून आणि शेजारच्या पालवाल्यांच्या शिव्या खाऊन शिकलो. बरं, आमचे बाजार सगळे हाकेच्या अंतरावर. वेळापूरहून श्रीपूरला जाईपर्यंत बॅटरी जेमतेम डोळे चोळायची. दिवा पहिल्या दिवशी पिवळा, दुसऱ्या दिवशी तांबडा, आणि पुढं तर तो लागलाय की नाही हे बघायला काडी पेटवावी लागायची.

हे त्या बॅटरीची जी सेवा करायचे ती बघण्यासारखी होती. सकाळी उठून माझं तोंड बघायच्या आधी तिची झाकणं उघडून आतलं पाणी बघायचे. "आज जरा बरी वाटतेय," असं मला येऊन सांगायचे. एकदा मला सडकून ताप आला तर म्हणाले, "पडून राहा, होईल कमी." त्याच आठवड्यात बॅटरी बसली, तर तिला अकलूजच्या दुकानात नेऊन ठेवलं आणि दोनदा चौकशीला जाऊन आले.

शेवटी ह्यांना उपाय सुचला. बाजार मांडायच्या आधी रोज सकाळी गाडी लांबवर उगाच फिरवून आणायची. उपाय चांगला होता. पण रिकामी गाडी उगाच फिरते ही गोष्ट त्या तालुक्यात कुणाला सहन होण्यासारखी नव्हती.

पहिल्याच दिवशी वेशीपाशी एका माणसानं हात केला. "कुटं निगाला?"

ह्यांना खोटं बोलता येत नाही. म्हणाले, "कुठं नाही. बॅटरी भरायची आहे."

"म्हंजी कुटंबी गेलं तरी चालतंय?"

"चालतं."

"मग श्रीपूरला चला की. माझं कारखान्यात काम हाय." आणि तो आत येऊन बसलासुद्धा.

दुसऱ्या दिवशी त्याचा चुलता होता. तिसऱ्या दिवशी वेशीपाशी रांग होती. आम्हाला फिरायची दिशा सांगून आपण आमच्यावर उपकार करतोय अशीच सगळ्यांची समजूत. एकदा मुलगी बघायला निघालेली अख्खी मंडळी आमच्या चादरींवर बसून गेली. तिथं मलाही पाहुणी म्हणून पोहे मिळाले आणि परत येताना मुलगी कशी वाटली ते विचारलं गेलं. मी म्हटलं, मुलगी चांगली आहे, मुलाचंच बघा. मुलगा तिथंच बसला होता. पैसे कुणी दिले नाहीत, आम्ही मागितलेही नाहीत. वांगी, शेंगा, काकड्या मात्र एवढ्या जमायच्या की भाजी विकत घ्यायची सवयच मोडली. एखाद्या दिवशी फेरी चुकली तर लोक रागवायचे. "काल आला न्हाई तुमी. आमी वाट बगत बसलो की."

उन्हाळा लागला तसं मोठ्या दिरांनी घरी तोंड उघडलं. धाकटा डिझेल जाळतोय, सुनेला पत्र्यात भाजतोय, गाडी विका आणि दोघांना घरी आणा. मामंजी कुणाचं ऐकून निर्णय घेणारे नव्हते. ते म्हणाले, "मी स्वतः एक बाजार करून बघतो. मला त्या गाडीत दुपारची झोप लागली तर गाडी राहील. नाही लागली तर विकायची."

मामंजींची दुपारची झोप म्हणजे पेठेतला एक कायदाच होता. त्या वेळात दुकानाची अर्धी फळी लागायची, पोरांना दुसऱ्या गल्लीत हाकललं जायचं आणि कल्हईवाला आमच्या दारावरून जाताना तोंड मिटून घ्यायचा. कुणी झोपमोड केली तर मामंजी मराठी सोडून कानडीत बोलायला लागायचे. मामंजी कानडीत शिरले की मोठे दीरसुद्धा गादीवरून खाली उतरायचे.

मला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. माझं सगळं सुख एका म्हाताऱ्याच्या झोपेवर टांगलेलं होतं. ती झोप पंख्यावर, पंखा बॅटरीवर आणि बॅटरी ह्यांच्यावर. बाकी सगळं धकलं असतं, मला धास्ती शेवटच्याचीच होती.

मामंजी स्वतःची उशी घेऊन आले. वेळापूरचा बाजार होता. सकाळी मी त्यांना देवळाच्या सावलीत बसवलं आणि चादरी मांडल्या. हे नेहमीची सवारी भरून फेरीला गेले आणि परत आले ते लग्न जमवून आल्यासारखे. "काठोकाठ भरली," माझ्या कानात म्हणाले. मीसुद्धा माझ्या बाजूनं कसर ठेवली नव्हती. भरली वांगी, शेंगाची चटणी, भाकरी, वर ताक. माणूस जेवून उठावा तो थेट आडवा व्हावा, असाच बेत होता. मामंजी बाकड्यावर आडवे झाले. ह्यांनी पंख्याचं बटण दाबलं. पंखा जरा फिरला, जरा विचारात पडला आणि थांबला.

झालं होतं असं, की डायनामोची वीज पुढच्या बॅटरीला द्यायची की मागच्या, हे ठरवायला ड्रायव्हरच्या पायाशी एक खटका होता. सकाळच्या फेरीत ह्यांना श्रीपूर, कारखाना, चुलता सगळं आठवलं, तेवढा खटका फिरवायचा राहिला. पुढची बॅटरी तुडुंब भरली होती. मागची उपाशीच होती.

मामंजींनी एक डोळा उघडला. "साकु," म्हणाले. कानडीत साकु म्हणजे पुरे.

"मामंजी, पडूनच राहा," मी म्हटलं. "हे गाडी जरा सावलीला घेतात." आणि ह्यांना बाहेर ओढून म्हटलं, "खटका फिरवा आणि गाडी पळवा. पळत्या गाडीत पंखा चालेल. ते उठेपर्यंत थांबायचं नाही." चादरींचा ढीग शेजारच्या भांडेवालीच्या हवाली केला, गाडी निघाली आणि मागं पंख्याची खडखड सुरू झाली. ती ऐकून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

वेशीपाशी नेहमीची मंडळी उभी होती. ह्यांचा पाय सवयीनं ब्रेकवर गेला. मी उतरून मागं धावले, तोवर एक म्हातारी बोकडासकट आत शिरली होती आणि तिच्या मागून आणखी पाच-सात जण. खाली उतरवायचं म्हणजे आरडाओरडा. मी ओठांवर बोट ठेवून म्हटलं, "माझे सासरे झोपलेत. कुणी एक शब्द बोलायचा नाही."

"सासरं व्हय?" म्हातारी कुजबुजली. "मग न्हाई बोलत." आणि तिनं बोकडाचं तोंड दोन्ही हातांनी धरलं.

मी पुढं ह्यांच्याशेजारी येऊन बसले. गाडीनं वेग घेतला तसं इंजिनाच्या आवाजात मागची खडखड ऐकू येईनाशी झाली. आम्ही कालव्याच्या कडेनं गेलो, उसातून गेलो, श्रीपूरवरून वळून परत आलो आणि परत गेलो. ज्याला उतरायचं असेल तो आमच्या डोक्यामागच्या पत्र्यावर नखानं हळूच टिचकी मारायचा, चवड्यांवर उतरायचा आणि चढणाऱ्याला ओठांवर बोट ठेवून दाखवायचा. एवढी शिस्त मी पुढं आयुष्यात कुठल्या लग्नातही पाहिली नाही. एका माणसाचं गाव दोनदा येऊन गेलं, टिचकी मोठी झाली तर काय, म्हणून तो बिचारा बसूनच राहिला.

उन्हं कलली. डिझेल संपत आलं तेव्हा हे कालव्याजवळ एका बाभळीखाली थांबले. मी मागचं दार उघडलं. माणसं शाळेत बसतात तशी हाताची घडी घालून बसली होती. मामंजी डोळे मिटून पडले होते. पंखा बंद होता आणि त्याची वायर बोकडाच्या तोंडात होती.

माणसं हळूच उतरली, म्हातारी वायर ठेवून बोकड घेऊन गेली. "मामंजी, चहा करू?" मी म्हटलं.

त्यांनी लगेच डोळे उघडले. झोपेतून उठलेला माणूस असे डोळे उघडत नाही.

"पंखा कधी बंद पडला, मामंजी?"

"वेशीपाशीच. बोकडानं वायर ओढली. मी बघत होतो."

"मग झोप?"

"झोप कुठली? एवढ्या उकाड्यात?"

मी पायरीवर बसले आणि मला रडू फुटलं. परात, पीठ, पंगती सगळं डोळ्यांसमोर आलं. हे बॅटरीची झाकणं उघडून उगाच आत बघत उभे राहिले. मामंजी उठून बसले. त्यांचं लक्ष बाकड्याशेजारच्या खिडकीबाहेर होतं.

"कालव्याला पाणी भरपूर आहे," ते म्हणाले. "आणि ऊस बघितलास? संपतच नाही. मला मिसरूड फुटायच्या आधी गादीवर बसवलं. समोर दिसायचा तो समोरच्या दुकानाचा बोर्ड. तो अजून दिसतो."

"मग उठून नीट बसायचं ना मामंजी," मी नाक पुसत म्हटलं. "झोपेचं सोंग कशाला?"

"उठलो असतो तर तुम्ही गाडी थांबवली असती."

मामंजींनी उशी झटकली, आजूबाजूला कुणी नसताना आवाज खाली आणला आणि म्हणाले, "घरी थोरला विचारेल. त्याला सांग, मामंजींना गाढ झोप लागली. चांगले घोरत होते म्हणावं."

दुसऱ्या दिवशी दुकानात मी दिरांना तसंच सांगितलं. त्यांना खरं वाटावं म्हणून घोरण्याचा आवाजही काढून दाखवला, आणि गादीवर बसलेले मामंजी समोरच्या बोर्डाकडे बघत, तोंडावरची रेघही न हलवता, तो शेवटपर्यंत ऐकत राहिले.